गुरुवारचा रकाना

चाकणच्या एका कारखान्यातलं ते प्रकरण डोक्यात आलं की आरोपीच्या आधी मला माझे वडील दिसतात. म्हणून सुरुवात घरापासून करतो.

वडील चिंचवडच्या एका फाउंड्रीत हेल्पर होते आणि आई तिथेच ओतकामाच्या साच्यांत बसवायचे वाळूचे गाभे बनवायची. आम्ही सहा जण पत्र्याच्या एका खोलीत राहायचो. नळ चाळीच्या टोकाला होता. वडिलांना अक्षर ओळखता येत नव्हतं. हजेरीच्या कार्डांत आपलं कार्ड सापडावं म्हणून त्यांनी त्याच्या कोपऱ्यावर निळ्या पेनाने फुली मारून ठेवली होती. एकदा दुसऱ्या कोणीतरी तशीच फुली मारली. वडील तीन आठवडे त्याचंच कार्ड पंच करत राहिले आणि स्वतःच्या कार्डावर गैरहजर ठरले. ते हात जोडून सांगत होते, "साहेब, मी रोज आलोय." मॅनेजर त्यांना कार्ड दाखवत होता. वडिलांना पंधरा दिवस घरी बसवलं. त्या पंधरा दिवसांत थोरल्या बहिणीची शाळा सुटली, ती सुटलीच.

मी मात्र शिकलो. बी.कॉम. झालो, फौजदाराची परीक्षा पास झालो. आमच्या सगळ्या भावकीतला पहिला पदवीधर मी आहे आणि हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

प्रकरण माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतलं. चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात मी पोलीस निरीक्षक, गुन्हे, या पदावर होतो. नावं कुणाचीच देत नाही. कारखान्याच्या मालकांना कामगार शेठ म्हणत आणि स्टोअरकीपरना तात्या. मीही तेच लिहितो.

एका सोमवारी सकाळी शेठ ठाण्यात आले. त्यांच्याकडे गाड्यांच्या गिअरबॉक्सचे भाग तयार होतात, त्यासाठी संगणकावर चालणाऱ्या अकरा सीएनसी मशीन आहेत. त्या मशीनमध्ये लोखंड कापायला एक छोटं पातं बसवतात. अंगठ्याच्या नखाएवढं असतं, पण लोखंडाला लोण्यासारखं कापतं. त्याला इन्सर्ट म्हणतात. एका पेटीत दहा येतात. वस्तू महाग, खिशात सहज मावणारी, त्यामुळे आमच्या पट्ट्यात ती नेहमीच चोरीला जाते. शेठची तक्रार होती की चार महिन्यांपासून माल तेवढाच बनतोय, इन्सर्ट मात्र भलतेच जास्त लागतायत.

"कुणावर संशय?" मी विचारलं.

"संशय कसला साहेब, नक्की आहे. स्टोअरकीपर. हे बघा." त्यांनी एक कागद पुढे केला. कंपनीच्या सूचना पेटीत सापडलेली निनावी चिठ्ठी होती ती, संगणकावर टाइप केलेली. तात्या रजिस्टरला जास्त पेट्या दाखवतो आणि वरच्या पेट्या घरी नेतो, कुरुळी गावातल्या त्याच्या घराची झडती घ्या, एवढंच तिच्यात होतं.

"मला आजच्या आज अटक पाहिजे," शेठ म्हणाले. "बाकीच्यांना जरब बसली पाहिजे."

फिर्याद नोंदवून घेतली, शेठची सही घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली. अटकेचं मात्र मी बघतो म्हणालो. निनावी चिठ्ठी लिहिणाऱ्याला चोराचा राग असतो किंवा स्वतःची काळजी. यातलं कुठलं, ते कळल्याशिवाय मी कधी कुणाला बेडी घातली नाही.

आमच्या तपास पथकाचे हवालदार मूळचे लातूरकडचे. माणूस कामाला वाघ, तोंडाला तिखट. त्यांना आणि दोन पंचांना घेऊन कुरुळीला गेलो. तात्यांचं घर दोन खोल्यांचं होतं. यांची जमीन कधीकाळी कारखानदारीत गेली आणि त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी लागली, ते हे तात्या. बावीस वर्षं स्टोअरची किल्ली यांच्या कमरेला. निवृत्तीला पाच महिने राहिले होते.

झडतीत एकच इन्सर्ट सापडला. झिजलेला, लाकडी मुठीत बसवलेला, स्वयंपाकघरात विळीशेजारी ठेवलेला.

"हे काय?" हवालदारांनी विचारलं.

तात्यांच्या मंडळी पदर सावरत पुढे आल्या. "विळीला धार लावायला हाय ओ. सगळ्या गल्लीच्या विळ्या ह्याच्यावरच लागत्यात. पायजे तर तुमची घिऊन या."

"घ्या साहेब," हवालदार मला हळूच म्हणाले, "टोळीचा म्होरक्या सापडला."

हसू आलं, पण पंचनाम्यात ते मुठीसकट लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हजर राहण्याची नोटीस देऊन तात्यांना ठाण्यात बोलावलं. सोबत स्टोअरचं इश्यू रजिस्टर मागवलं. मशीन चार आणि मशीन सात या दोन मशीनवर दर शुक्रवारी सकाळी दोन दोन पेट्या दिल्याची नोंद होती. त्या मशीनच्या ऑपरेटरचे जबाब आम्ही आधीच घेतले होते. दोघेही म्हणाले होते, शुक्रवारी आम्हाला एकच पेटी मिळते.

"तात्या, रजिस्टरला दोन आणि हातात एक. दुसरी पेटी कुठे जाते?"

"म्या दोन दिल्यात साहेब. सही माजी हाय."

"मग ऑपरेटर खोटं बोलतो?"

"न्हाई, तो तरी कशाला खोटं बोलंल."

"म्हणजे तुम्ही बोलता?"

ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. "इन्सर्ट फुटत्यात साहेब. माल कडक आला की फुटत्यात."

"दर शुक्रवारीच फुटतात? याच दोन मशीनवर?"

चहा गार झाला तरी कपाला हात नाही.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट सांगतो. चोरी केलेला माणूस बहुधा तुमच्या डोळ्यांत डोळे घालून बोलतो, कारण त्याने घरून तयारी केलेली असते. लाज लपवणारा माणूस वस्तूंकडे बघतो. तात्या काहीतरी लपवत होते, यात शंका नव्हती. पण ते चोरी लपवतायत, असं मला वाटेना. हवालदारांना उलट वाटत होतं.

"साहेब, रजिस्टर बोलतंय. अजून काय पाहिजे?"

"रजिस्टर बोलतंय खरं," मी म्हणालो. "काय बोलतंय ते आपल्याला कळलंय का, ते बघू."

संध्याकाळी शेठचा फोन आला. "अजून सोडूनच ठेवलाय त्याला? वर बोलावं लागेल का मला?" मी म्हणालो, "बोला, नंबर देऊ का?"

खरं सांगायचं तर माझ्याकडे फार वेळ नव्हता. कागदावर सगळं तात्यांच्या विरोधात होतं. दोन दिवसांत दुसरं काही हाती लागलं नसतं तर मला अटक दाखवावीच लागली असती.

बुधवारी सकाळी मी स्वतः कारखान्यात गेलो. प्लांट इन्चार्जने सगळं फिरवून दाखवलं. हे गृहस्थ शेठचे सख्खे मेहुणे. बोलायला गोड, न विचारलेलंही सांगणारे. "साहेब, माणूस तसा चांगला हो तात्या. पण म्हातारपणी बुद्धी फिरते." मशीन चारच्या बाजूला साबणाच्या वडीएवढा एक काळा डबा चिकटवलेला दिसला, त्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हे काय?"

"ते होय? एका पोरीची कंपनी आहे ताथवड्याला, ती लावून गेलीये. मशीन किती चालली, किती नग काढले, सगळं शेठच्या मोबाईलवर जातं. चौदा पानांचा रिपोर्ट येतो रोज." ते हसले. "कोण वाचतंय राव!"

मी तिथून थेट ताथवड्याला गेलो. सोबत तात्यांचं रजिस्टर होतं. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर त्या मुलीचं ऑफिस होतं. तीन टेबलं, तीन माणसं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. मुलीचं वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. वडील पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते, कंपनी बंद पडल्यावर त्यांनी घरोघर पंखे दुरुस्त केले आणि हिला शिकवलं. घरातली पहिली इंजिनिअर. हे कळल्यावर माझा पोलिसी आवाज आपोआप खाली आला.

"सर, शेठ माझे सगळ्यात मोठे कस्टमर आहेत," ती म्हणाली. "अजून दोन कारखानदार त्यांना विचारून मला काम देणार आहेत. त्यांचा डेटा मी अशीच नाही देऊ शकत."

"बरोबर आहे. फिर्याद त्यांचीच आहे आणि मी रीतसर पत्र आणलंय." मी पत्र दिलं. तिने ते दोनदा वाचलं, शिक्का बघितला, मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. कागद असा वाचून घेणारी माणसं मला आवडतात.

"मला एवढंच सांग, पोरी. मशीन चार आणि सातवर चार महिन्यांत किती नग निघाले आणि तेवढ्याला इन्सर्ट किती लागायला हवेत?"

तिने काम सुरू केलं. एका इन्सर्टला चार कोपरे असतात, एक कोपरा झिजला की दुसरा फिरवतात. एका कोपऱ्यावर किती नग निघतात हे तिला मशीनच्या करंटवरून कळत होतं, कारण धार गेली की मशीन जास्त करंट ओढते. हे तिने मला पेन्सिलचं टोक दाखवून समजावलं. उत्तर आलं तेव्हा तिने ते पुन्हा एकदा मोजलं. रजिस्टरचे इन्सर्ट हिशोबापेक्षा बरेच जास्त होते.

"म्हणजे स्टोअरकीपरने घेतले," ती नाराजीने म्हणाली.

मी स्क्रीनकडे बघत होतो. आमच्या ठाण्यात ड्युटीचा तक्ता असतो, तो बघून बघून नजर तयार झालेली. "यात रकाने सहाच कसे?"

"कसले?"

"वार. सोमवार, मंगळवार, बुधवार, मग एकदम शुक्रवार."

"गुरुवार सुट्टी असते ना सर." आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ती पुढे म्हणाली, "आधी सातही वार होते. दर गुरुवारी शून्य दिसायचं. मग निरोप आला, शेठना ते शून्य बघून बरं वाटत नाही, रकाना काढून टाका. म्हणून काढला."

"निरोप कोणी आणला?"

"इन्चार्ज सरांनी."

"काढला म्हणजे? डबे त्या दिवशी बंद करता?"

"नाही, डबे चालूच असतात. फक्त रिपोर्टमध्ये..." तिचं वाक्य तिथेच राहिलं. हात आपोआप की-बोर्डवर गेले.

गुरुवारचा रकाना परत आला. पहिले तीन गुरुवार खरोखरच शून्य होते. त्यानंतर रकाना काढायचा निरोप आला होता आणि त्याच्या पुढच्या गुरुवारपासून मशीन चार आणि सात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच चालत होत्या. दर गुरुवारी, चार महिने, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी धरून.

तिने गुरुवारचे नग बेरजेत मिळवले. मग तात्यांचं रजिस्टर पुन्हा शेजारी ठेवलं. जो फरक होता तो मिटला. तात्यांनी लिहिलेला प्रत्येक इन्सर्ट मशीनवरच झिजला होता. एकही घरी गेला नव्हता.

"चार महिने माझ्याकडे होतं हे, सर," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी रोज चौदा पानं पाठवत होते. आणि हे बघितलंच नाही."

"आज बघितलंस ना. आता हे सगळं सहीनिशी दे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागेल. इन्चार्ज शेठचा मेहुणा आहे, हे तुला माहीत आहे?"

"माहीत आहे."

"काम जाईल तुझं."

तिने प्रिंटर चालू केला. "कुठे सही करायची ते सांगा, सर."

एक कोडं अजून उरलं होतं. गुरुवारी स्टोअरला कुलूप, किल्ली तात्यांच्या कमरेला. मग मशीनला इन्सर्ट मिळाले कुठून? तो कागद घेऊन मी दुपारी तात्यांसमोर बसलो. या वेळी ठाण्यात बोलावलं नाही, ते जेवायला घरी आले होते, त्यांच्याच ओट्यावर बसलो.

"तात्या, तुम्ही चोरी केली नाही, हे मला कळलंय. आता तुम्ही काय लपवताय ते सांगा."

त्यांनी आधी कागद बघितला, मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "साहेब, पैली शिफ्ट सातला लागती. माजं स्टोअर आठला उघडतं. बाकी दिवशी आदल्या दिशीचं इन्सर्ट मशीनवर असत्यात, सुट्टीच्या आदी मातर समदं स्टोअरला जमा व्हतं. शुक्रवारी पोरं सातला येऊन तासभर नुसती बसायची, वरनं सुपरवायझरच्या शिव्या खायची. म्हून म्या बुधवारी जाताना हरेक मशीनच्या खणात एक पेटी ठिवून जातो. नोंद शुक्रवारी करतो. नोंद केल्याबिगर माल भाईर काढायचा न्हाई, असा नियम हाय."

"आणि शुक्रवारी?"

"चार नंबर आन् सात नंबरची पेटी रिकामी निघायची. मला वाटलं पोरं इन्सर्ट फोडत्यात आन् भ्यानं लपिवत्यात. त्यांची नोकरी कशाला घालवा? म्हून दुसरी पेटी द्यायचो आन् दोन्ही लिवायचो. खोटं लिवलं न्हाई साहेब. पण नियम मोडला, ते कसं सांगू? पाच म्हैने राह्यल्यात माजे."

आणि ऑपरेटरना वाटायचं, तात्या म्हातारे झाले, रिकामी पेटीच ठेवून जातात. त्यांनी म्हाताऱ्याची लाज राखली आणि तात्यांनी त्यांची. दोघांच्या चांगुलपणाच्या मधून चोर निवांत चालत गेला होता.

"उद्या गुरुवार," मी म्हणालो. "आज नेहमीसारख्या पेट्या ठेवा." संध्याकाळी इन्चार्ज निघून गेल्यावर स्टोअरमध्ये त्या पेट्यांवर आतून आमची खुणेची सही केली, पंचांसमोर.

गुरुवारी सकाळी दहाला आम्ही साध्या कपड्यांत कारखान्याच्या गेटवर पोचलो. सुरक्षारक्षकाच्या वहीत दर गुरुवारी एकच शब्द होता, मेंटेनन्स. आत मशीन चार आणि सात जोरात चालल्या होत्या, त्यांवर बाहेरून आणलेले दोन ऑपरेटर. इन्चार्ज केबिनमधून धावत आले.

"अरे साहेब! आज सुट्टीच्या दिवशी?"

"आम्हाला गुरुवार नसतो," मी म्हणालो.

"मशीनला बी नसतो वाटतं," हवालदार म्हणाले.

"ट्रायल चाललीये हो, मेंटेनन्सची."

"ट्रायलला इतके नग?" हवालदारांनी क्रेटमधला एक नग उचलून हातात फिरवला. "आणि ह्याचं ड्रॉइंग कंपनीच्या फाइलला का नाही ओ, साहेब?"

नग कंपनीचे नव्हतेच. इन्चार्जने बायकोच्या नावावर एक फर्म काढली होती. तिचं काम ते शेठच्या मशीनवर, शेठच्या विजेवर आणि तात्यांच्या शुक्रवारच्या पेट्यांवर काढून घेत होते. मशीनच्या खणात उघडलेल्या पेट्यांवर आमची खुणेची सही होती. पंचनामा तिथेच केला. सूचना पेटीतली चिठ्ठी त्यांच्याच केबिनमधल्या संगणकावर सापडली. पुसायचीही तसदी घेतली नव्हती. गोड बोलणाऱ्या माणसांना आपल्याला कोणी तपासेल असं वाटतच नाही.

दुपारी शेठ ठाण्यात आले. चेहरा पडलेला. "साहेब, घरातला माणूस आहे. मिटवता येईल का?"

"शेठ, फिर्याद तुमची, सही तुमची. तात्या घरातले नव्हते, म्हणून त्यांची तुम्हाला आजच्या आज अटक हवी होती."

मी इन्चार्जना अटक केली.

त्या मुलीचे डबे शेठनी आठवड्याभरात काढून टाकले. माझ्या घरातलं बाहेर काढलं, असा राग. पण दोन महिन्यांनी तिचा फोन आला. ते दोन कारखानदार स्वतःहून तिच्याकडे आले होते. एक जण म्हणाला होता, "मॅडम, आमच्या मशीन गुरुवारी काय करतात ते आधी सांगा." आणि नंतर खुद्द शेठनी तिला परत बोलावलं. तोवर तिने चौदा पानं बंद केली होती. आता मालकाला रोज सकाळी फोनवर तीनच ओळी जातात. काल काय वेगळं झालं, कुठे झालं, कुणाला विचारायचं. ती म्हणते, "सर, आकडे गोळा करणं सोपं होतं. मालकाने चहा पिता पिता वाचावं असं लिहिणं अवघड गेलं." आज चिंचवडला तिचं ऑफिस आहे, तीस पोरं-पोरी काम करतात. त्यातली निम्मी कामगारांची मुलं आहेत, हे ती मुद्दाम सांगते आणि मी मुद्दाम लिहितो.

मी त्या प्रकरणातून काय शिकलो? कागदावरची नोंद बरोबर असली तरी वाचणारा चुकू शकतो. पुढ्यात आलेल्या आकड्यांआधी न आलेले आकडे मागायचे, आणि ते कोणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून गाळले ते विचारायचं. नंतरच्या प्रत्येक तपासात मी हे केलं. नव्या फौजदारांना शिकवलंही. आणि दुसरं, माणूस खोटं बोलतोय म्हणजे तो गुन्हेगारच आहे असं धरायचं नाही. तो कुणाला तरी सांभाळत असेल.

इन्चार्जविरुद्ध दोषारोपपत्र दाखल झालं. त्यात तात्या साक्षीदार क्रमांक दोन आहेत आणि ती मुलगी क्रमांक तीन. पहिल्या शिफ्टच्या पोरांसाठी स्टोअर आता सातला उघडतं. तात्या ठरल्या तारखेला निवृत्त झाले. बावीस वर्षांच्या त्यांच्या नोकरीच्या फाइलमध्ये एकही शेरा नाही.